शिस्त आधी रस्त्याला

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणाला मुकले. मोटार चालवणारा अठरा वर्षांचाही नव्हता. काही तासांत त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत एक अट अशी होती, की त्याने रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहावा. शहर खवळलं, देशभर चर्चा झाली.

संताप रास्तच होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. गुन्हा घडल्यावर निबंध लिहायला लावणं आपल्याला इतकं असह्य वाटतं, तर गुन्हा घडू नये म्हणून आपण दुसरं काय करतो? दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. शाळाशाळांत निबंध स्पर्धा होतात, रंगभरण होतं, हात पुढे करून शपथ घेतली जाते, घोषणा देत फेरी निघते. त्या वेळी जे शिक्षा म्हणून दिलं गेलं, तेच आपण वर्षानुवर्षं औषध म्हणून देत आलो आहोत.

मी युवकांच्या रस्ता सुरक्षा उपक्रमाची समन्वयक आहे. नारायण पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत, दोन खोल्यांत आमचं काम चालतं. त्यामुळे हा प्रश्न मला दुसऱ्यावर ढकलता येत नाही. ‘पोरांना शिस्त लावा, अपघात आपोआप कमी होतील’ ही समजूत आज सर्वमान्य आहे. माझा सबंध दिवस तिच्याशी झगडण्यात जातो आणि ती चूक आहे असं माझं ठाम मत झालं आहे. ते मत दिवसाच्या क्रमानेच मांडते.

आधी पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. महाराष्ट्रात गेलेल्यांची संख्या 15 हजारांच्या वर होती. देशातल्या मृत्यूंपैकी 71 टक्क्यांमागे अतिवेग हे कारण नोंदलेलं आहे. मेलेल्यांत साधारण दोन तृतीयांश माणसं 18 ते 45 या वयातली. यावरून कुणीही म्हणेल, की वेग तरुणांचा, हात तरुणांचा, मरणही तरुणांचं, तेव्हा सुधारायचं ते तरुणांना. लहानपणापासून शिकवा, न ऐकल्यास दंड करा. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. बोलणारे बहुतेक आईबाप, शिक्षक, पोलीस, आणि आपलं माणूस रस्त्यावर गमावलेले लोक असतात.

आता सकाळ. सव्वासातला मी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे चार-पाच स्वयंसेवक केळकर रस्त्यावर, झेड पुलावरून उतरलेल्या दुचाक्या पेठेत शिरतात त्या बाजूला उभे असतो. शाळांची वेळ असते, दुकानं उघडायची असतात, रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. कडेला खडूने दोन रेघा मारायच्या, मध्ये 25 मीटरचं अंतर. पहिल्या रेघेला गाडी आली की फोनवरचं घड्याळ सुरू, दुसरीला थांबवायचं. 25 मीटरला तीन सेकंद लागले तर वेग ताशी 30 किलोमीटर. दोनच सेकंद लागले तर 45. एवढं गणित शाळेतल्या मुलालाही जमतं.

पहिल्या दहा मिनिटांत एखादा स्वयंसेवक हमखास म्हणतो, “ताई, हा बघा कसा चालवतोय!” पंधराव्या-विसाव्या मिनिटाला तोच गप्प होतो. कारण वहीतल्या नोंदी त्याच्यासमोर असतात. एकच गाडी दोन सेकंदांत गेली असती तर दोष त्या चालवणाऱ्याचा म्हणता आला असता. पण कॉलेजचा मुलगा, दूधवाला, कार्यालयात निघालेल्या बाई, नातवाला सोडायला निघालेले आजोबा, असे सगळेच जर एका ठिकाणी वेग वाढवत असतील आणि पुढच्या अरुंद वळणाला सगळेच कमी करत असतील, तर ते संस्कारांतून आलेलं नाही. रस्ता त्यांना तसं सांगतो आहे. सरळ, मोकळा, गुळगुळीत पट्टा ‘जा’ म्हणतो आणि आवळलेलं वळण ‘थांब’ म्हणतो. पंचनाम्यात उरतो तो ‘अतिवेग’ हा एक शब्द. त्या जागी वेग घेणं इतकं सोपं का होतं, हे तो शब्द सांगत नाही. म्हणून 71 टक्क्यांचा आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष तोकडा पडतो.

मोजून झालं की मी मुलांना पदपथाच्या कडेला उकिडवं बसायला सांगते. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असतात. त्या उंचीवरून रस्ता बघा. कोपऱ्यावर लावलेल्या टेम्पोच्या पलीकडे काही दिसत नाही. ओळीने उभ्या स्कूटरींच्या फटीतून येणाऱ्या गाडीचं फक्त चाक दिसतं. मग मुलाला ‘आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे’ असं घोकून घेण्याला काय अर्थ उरतो? त्याने शिकवल्याप्रमाणे दोन्हीकडे बघितलं, तरी त्याला दोन्हीकडे टेम्पोच दिसतो. चालवणाऱ्यालाही ते मूल दिसत नाही. इथे दोघंही शिस्तीत असून अपघात होऊ शकतो.

‘शिकवलं की माणूस सुधारतो’ हा नुसता विश्वास म्हणून सोडून देण्याचीही गरज नाही, कारण तो तपासला गेला आहे. वैद्यकातल्या प्रयोगांचा काटेकोर ताळा करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने शाळांमधल्या वाहनशिक्षणाचा आढावा 2001 मध्ये घेतला. अशा शिक्षणाने अपघात कमी झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट शिकलेली मुलं परवाना लवकर काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात, असं दिसलं. परवाना मिळाल्यानंतर दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा वेगळा आढावा झाला, त्याचाही निष्कर्ष हाच. लहान मुलांना रस्ता ओलांडायला शिकवलं तर त्यांचं ज्ञान वाढतं, वागणंही काहीसं सुधारतं, पण त्यामुळे जखमी होण्याचं प्रमाण घटतं असं सिद्ध झालेलं नाही. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला हे गिळणं जड जातं. तरी ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मग बदलायचं काय? अमेरिकेत 1966 नंतर रस्ता सुरक्षेचं सरकारी खातं पहिल्यांदा ज्यांच्या हाती आलं, ते विल्यम हॅडन मुळात साथरोगाचे डॉक्टर होते. अपघाताकडे पापपुण्य म्हणून न बघता रोगाकडे बघतात तसं बघा, हा त्यांचा आग्रह. धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर, अशा तिन्ही वेळी माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल, याचा तक्ताच त्यांनी मांडला. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन यांनी हीच भूमिका आयुष्यभर लावून धरली. स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर 1997 मध्ये ती धोरण म्हणून स्वीकारली. माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मरण असू नये अशी रस्त्याची रचना करणं हे रस्ता बांधणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं त्या धोरणाचं सार.

अकरा वाजता कॉलेजात सत्र असतं, आणि तिथे माझ्यावर उलटा हल्ला होतो. सकाळचं सगळं ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “मॅडम, मग झालं तर! आधी रस्ते नीट करा, मग हेल्मेटचं बोला.” हा युक्तिवाद पुण्याला नवा नाही. 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली तेव्हा शहरात मोर्चे निघाले होते. पेठेत वेग असतो किती, मानेला त्रास होतो, ऐकू येत नाही, आणि खड्डे कोण बुजवणार, हे तेव्हाचे आक्षेप आजही त्याच क्रमाने येतात. पहिल्या समजुतीचं खंडन करताना या दुसरीला बळ मिळू नये, ही माझी जबाबदारी आहे. म्हणून एकेक आक्षेप घेते.

पेठेत वेग कमी असतो, हे दिवसा गर्दीच्या वेळी खरंही असतं. पण फळ्यावर एक साधा हिशोब मांडू. गाडी थांबलेली आहे, कुणाचा तरी धक्का लागला, माणूस आडवा झाला आणि डोकं दीड मीटर उंचीवरून थेट फरसबंदीवर आलं. आदळताना त्या डोक्याचा वेग असतो ताशी 19 ते 20 किलोमीटर. गाडीचा वेग शून्य असताना हे घडतं. युरोपात सायकलच्या साध्या हेल्मेटची कसोटीही ते सुमारे दीड मीटरवरून पडेल इतक्या वेगाने सपाट पोलादावर आदळूनच घेतात. ताशी 30 च्या वेगाने डोकं भिंतीवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, वाड्याच्या माडीच्या सज्जातून, डोक्यावर पडणं. 45 म्हणजे आठ मीटर. माडीच्या सज्जातून उडी मारायला कुणी तयार आहे का, असं विचारलं की वर्ग शांत होतो. ताशी 25 पर्यंतच चालणाऱ्या, परवाना न लागणाऱ्या विजेच्या छोट्या स्कूटरी हल्ली पालक निर्धास्तपणे मुलांना घेऊन देतात. तिथेही हिशोब सुमारे अडीच मीटरचा आहे.

मानेचं म्हणणं 1980 च्या दशकात एका अमेरिकी अभ्यासातून आलं. त्याची मांडणी सदोष असल्याचं पुढे दाखवलं गेलं आणि नंतरच्या मोठ्या नोंदींत हेल्मेट घालणाऱ्यांत मानेच्या मणक्याच्या दुखापती कमीच आढळल्या. हेल्मेटने मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी घटते, हा 61 अभ्यासांचा ताळा कोक्रेनने 2008 मध्ये मांडला. ज्या कसोटीवर माझं शिक्षण नापास होतं, त्याच कसोटीवर हेल्मेट उत्तीर्ण होतं. पुरावा मानायचा तर दोन्ही ठिकाणी मानायला हवा.

हेल्मेटच्या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. ह्यू केर्न्स हे ब्रिटिश मेंदूशल्यचिकित्सक. 1935 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स या नामवंत ब्रिटिश लेखक-सैनिकावर उपचार करणाऱ्यांत ते होते. लॉरेन्स वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणारे सैनिक मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून मरताना त्यांनी पाहिले. 1941 मध्ये त्यांनी हेल्मेटचं महत्त्व आकड्यांनिशी मांडलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने ते सक्तीचं केलं. हे सैनिक बेशिस्त होते असं कुणी म्हणेल का? ते शिकलेले होते, आज्ञेत होते, तरुण आणि धडधाकट होते. तरी मरत होते. शिस्तीने त्यांची कवटी कठीण झाली नव्हती.

“पण खड्डे?” असं विचारणाऱ्या मुलाला मी नारूची गोष्ट सांगते. त्याच्या आजोबांच्या पिढीला हा रोग माहीत होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, त्यातून नारूचे जंतू पोटात जायचे आणि वर्षभराने पायातून हातभर लांब कृमी निघायचा. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तो दोन कामं बरोबर केल्यामुळे. पायविहिरी बंद करून हातपंप बसवले गेले, आणि पंप येईपर्यंत घराघरांत पाणी कापडाने गाळलं गेलं. विहीर बदलेपर्यंत गाळणार नाही, असं म्हणणाऱ्याला नारू झालाच असता. आणि लोक गाळतात, म्हणून विहीर तशीच ठेवली असती तरी रोग गेला नसता. रस्ता ही आपली विहीर आणि हेल्मेट हे गाळणं. एकाचं कारण सांगून दुसरं टाळता येत नाही. आणि गाळणं फाटकं असून चालत नाही, म्हणून 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्क्याविना दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आली. सत्र संपताना मी मुलांना एकमेकांचा पट्टा तपासायला लावते. हनुवटीखाली दोन बोटं मावावीत, मूठ मावली तर ते हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचेल.

दुपारी पालक सभा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं 199 अ हे कलम मी वाचून दाखवते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी मुभा आहे ती फक्त 50 सीसीपर्यंतच्या गाडीची, आणि घराघरांत असते ती स्कूटर शंभर सीसीच्या पुढची. वाचून झाल्यावर थोडी चुळबुळ होते. मग एक आई उठून विचारते, “अहो ताई, कायदा कळला. पण हिचा क्लास रात्री साडेनऊला सुटतो. बसचा भरवसा नाही, रिक्षा परवडत नाही, आणि हे घरी यायला दहा वाजतात. मी काय करू?”

या प्रश्नापुढे उपदेश थिटा पडतो. त्या बाईला धोका कळत नाही असं अजिबात नाही. तिने दोन भीतींतली एक निवडली आहे, अंधारातल्या रस्त्याची किंवा स्कूटरची. तिला जागरूक करून मी तिची भीती फक्त वाढवीन. म्हणून तेव्हा आम्ही वहीत दुसऱ्या नोंदी करतो. कुठल्या क्लासची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येईल, कोणत्या चार मुली एकाच वाटेने पायी जातात, कोणत्या थांब्यावर दिवा नाही. किल्ली मुलीच्या हातातून काढून घ्यायची तर तिच्या हाती दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते देणं म्हणजेच खरी रस्ता सुरक्षा.

आता कुणी म्हणेल, शिकवण्याला तुम्ही इतकं कमी लेखता तर तुमचा हा युवक उपक्रम हवाच कशाला? या आक्षेपाचं उत्तर मला अ‍ॅमस्टरडॅमने दिलं. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. आज सायकलींचा स्वर्ग म्हणून आपण ज्या देशाकडे बघतो तिथे तेव्हा मोटारींचंच राज्य होतं. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने 1972 मध्ये लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. त्याच सुमारास अ‍ॅमस्टरडॅमच्या दे पाइप या दाट वस्तीच्या जुन्या भागातली शाळकरी मुलं आपली गल्ली मोटारींपासून सोडवण्यासाठी रस्त्यावर उतरली. अरुंद गल्ल्या, दाटीने उभी घरं, कडेला लावलेल्या गाड्या. वर्णन ऐकून आपल्या पेठाच डोळ्यांपुढे येतात. त्या मुलांनी सावध राहण्याची शपथ घेतली नाही. त्यांनी खेळायला जागा मागितली. देश बदलला तो अशा मागण्यांमुळे. गल्ल्यांतला वेग उतरवला गेला, सायकलींना स्वतंत्र वाट मिळाली, आणि मुलांचे मृत्यू ओसरत गेले.

आपल्याकडे असं होणार नाही, असं म्हणायचं कारण नाही. 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा महापालिकेने दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला. ज्या रस्त्यावर एरवी अंग चोरून चालायचं, तिथे लोक मधोमध निवांत चालले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 पासून धोक्याच्या जागा शोधून कठडे, फलक, बचावाची व्यवस्था यांवर काम झालं. 2016 साली दीडशेच्या घरात असलेले मृत्यू 2019 पर्यंत शंभराच्या खाली आले. त्या तीन वर्षांत माणसांचा स्वभाव पालटला नव्हता, त्या मार्गात बदल झाला होता. फेब्रुवारी 2020 मधल्या स्टॉकहोमच्या जागतिक जाहीरनाम्याने, जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेगाची कमाल मर्यादा 30 असावी, असं म्हटलं. आमच्या खडूच्या रेघांच्या भाषेत, 25 मीटरला तीन सेकंद.

म्हणून माझं मंडन असं. तरुणांना रस्ता सुरक्षा शिकवायचीच, पण आरोपी म्हणून उभं करून नाही. त्यांना रस्ता वाचायला, मोजायला आणि मागायला शिकवायचं. हेल्मेट घालायचं ते आज्ञा म्हणून नको, दीड मीटरचा हिशोब स्वतः केल्यानंतर घालायचं. कायदा हवा, पोलीसही हवेत, दंडही हवा. पण ज्या कोपऱ्यावर नियम पाळणाराही मरू शकतो, तो कोपरा तसाच ठेवून दंडाची पावती फाडणं म्हणजे अर्धंच काम करणं.

संध्याकाळी कचेरीत परतल्यावर दिवसाचा अहवाल भरते. छापील नमुन्यात रकाने असतात: किती शाळा, किती विद्यार्थी, किती जणांनी शपथ घेतली, फोटो जोडा. देणगीदाराला हे आकडे लागतात आणि मी ते प्रामाणिकपणे भरते. पण आमच्या स्वतःच्या वहीत आम्ही वेगळे रकाने आखले आहेत. कोणता कोपरा पाहिला, 25 मीटरला किती सेकंद लागले, मुलाच्या उंचीवरून काय दिसलं, अर्ज कधी दिला, पोच मिळाली का, पुढे काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो, म्हणून महिन्याने त्याच कोपऱ्यावर पुन्हा जायचं आणि पुन्हा मोजायचं.

मुलांकडून 300 शब्द लिहून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या नावे असावेत. विषय: अमुक शाळेसमोरचा कोपरा. सकाळी सव्वासात ते सव्वाआठ या वेळात आम्ही स्वतः केलेल्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. कोपऱ्यापासून पाच मीटरपर्यंत वाहनं लावण्यास मनाई करावी, झेब्रा पट्टे पदपथाच्या उंचीला आणावेत, ही विनंती. खाली वीस-पंचवीस मुलांच्या सह्या आणि प्रतीवर आवक विभागाचा शिक्का. असा 300 शब्दांचा निबंध जानेवारीत शहरातल्या प्रत्येक शाळेतून गेला, तर त्याला उत्तर द्यावं लागेल. तोवर आमच्या खडूच्या रेघा रोज सकाळी केळकर रस्त्यावर असतील.